खताचा खड्डा आणि भुलाबाईची खिरापत

बापूसाहेबांचं पांढरं डोकं भिंतीवर उगवलं की सिंधूबाईंनी समजावं, तक्रार आली. त्या दिवशीही आली. शाळा भरायला थोडा अवकाश होता, बाई फावडं घेऊन खड्ड्यातला पाला सारखा करत होत्या आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, घ्या करून काय करायचं ते! आजचाच दिवस आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे आज भुलाबाईचा कार्यक्रम झाला की बैठक घेतो. उद्या गडी लावून खड्डा बुजवतो. माझे पक्षकार नाकाला धोतर लावून बसून राहिले, बाई! साक्ष काढू की उदबत्ती लावू?"

डोकं खाली गेलं. सिंधूबाई फावड्याला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

गोष्ट जुनी आहे. आपला वऱ्हाड मुंबई राज्यात नुकताच जाऊन बसला होता तेव्हाची. अकोटात दसऱ्याच्या पुढंमागं कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची, जिनिंगचा भोंगा झाला की गाव घड्याळं लावायचं आणि मुलींच्या शाळेत लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातल्याशिवाय वर्गात घेत नसत. बापूसाहेब गावातले नावाजलेले वकील. शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तेच, आणि घरही शाळेच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळं शाळेत खडू मोडला तरी त्यांना ऐकू जायचा.

सिंधूबाई अमरावतीहून नोकरीला आलेल्या. शाळेचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. पावसाळ्यात तरोट्याचं तण माजायचं, एरवी काही नाही. त्यात बाग करायची असं बाईंनी मनात घेतलं. बागेला खत पाहिजे, खताला पैसा पाहिजे, आणि पैशाचं नाव काढलं की मंडळ कानावर हात ठेवायचं. मग बाईंनी आगपेटी-साबणाच्या जाहिरातीसारखी वर्गावर्गांत जाहिरात केली, "घरातलं जे जे कुजतं, ते ते शाळेत आणा!" भाजीचे देठ, केळीची सालं, चहाचा चोथा, सगळं खड्ड्यात. गावात बाईंना 'खड्डेवाल्या बाई' म्हणू लागले. पहिल्यांदा त्या घरी जाऊन रडल्या. पुढं पुढं कोणी तसं म्हटलं की त्याच विचारायच्या, "तुमच्याकडं सालं-देठ काही आहेत का हो?"

तर खड्डा आता पिकत आला होता. दिवाळी झाली की खत निघालं असतं. पहिलं फावडं मारायचं, काळंभोर खत हातात घ्यायचं आणि मुलींना दाखवायचं, एवढी एकच आस बाईंनी धरली होती. आणि उद्या हे गडी लावून बुजवणार! बाईंना भिंतीकडं पाहून दोन शब्द बोलावेसे वाटले, पण ते शाळेच्या आवारात बोलण्याजोगे नव्हते.

आता डब्यांचं सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ डब्यांनीच केला. माशा होतात, वास येतो म्हणून बाईंचा नियम होता की कचरा झाकणाच्या डब्यातच आणायचा. गावातल्या बऱ्या घरच्या मुलींना रस्त्यानं कचरा न्यायची लाज वाटायची. त्यांनी यावर तोड काढली. आईचा चांगल्यातला चांगला, चिंचेनं घासलेला पितळी डबा घ्यायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, पोरगी कुठंतरी वाण घेऊन चालली! आणि ओतताना किळस वाटते म्हणून दुसरी युक्ती बाईंनीच शिकवलेली. झाकण काढायचं, डोळे गच्च मिटायचे आणि डबा पालथा करायचा.

त्या सकाळी शालू आली ती दोन्ही हातांत दोन डबे घेऊन. शालू ही बापूसाहेबांची नात. भिंतीवरून आजोबा खड्ड्याला शिव्या देत आणि फाटकातून नात खड्ड्याला कचरा आणून देत असे. दोन्ही डबे लग्नातल्या जोडीचे, एकसारखे, झाकणावर 'सौ. प्रमोदिनी' असं आजीचं नाव कोरलेलं. एकात भुलाबाईची, म्हणजे आपल्या वऱ्हाडी भोंडल्याची, खिरापत, दुसऱ्यात खड्ड्याचा माल.

फाटकातच शाळेच्या शिपाईणबाई पार्वताबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आन इकडं पोरी, हात दुखून जाईन तुहे. खाऊचा कोन्ता?"

"उजव्या हातातला," शालू म्हणाली.

पार्वताबाईंनी समोरून दोन्ही डबे घेतले. जो शालूच्या उजव्या हातात होता तो अर्थातच पार्वताबाईंच्या डाव्या हातात आला. पार्वताबाई आपल्या उजव्या हाताकडं पाहून म्हणाल्या, "हा व्हय नं? बरं," आणि तो नेऊन भुलाबाईपुढं पाटावर ठेवला, वर झेंडूचं फूल वाहिलं. दुसरा गेला मागच्या ओट्यावर, कचऱ्याच्या रांगेत. एवढंच झालं. बाकी काही नाही.

मधल्या सुट्टीत मुली खड्ड्याशी जमल्या. एकेकीनं डोळे मिटले आणि डबे पालथे केले. शालूची पाळी आली. तिनं नेमानं डोळे मिटले, नेमानं डबा पालथा केला आणि खड्ड्यात धपाधप आवाज झाला. सालं पडल्याचा हा आवाज नव्हे, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं. बाईंनी वाकून पाहिलं. वांग्याच्या देठांवर आणि दोडक्याच्या सालींवर खरपूस तळलेल्या, कातणीनं कापलेल्या करंज्या ऐसपैस पसरल्या होत्या.

"अगं बाई!" सिंधूबाई म्हणाल्या. "शालू, हे काय?"

शालूनं डोळे उघडले. तिचा चेहरा रडवेला झाला. "पण बाई, हा तर... मग तो कुठं गेला? कचऱ्याचा?"

"त्यात काय होतं?"

"आजीनं आज सगळी सालं गाईला घातली होती. मग मी आजोबांच्या बैठकीतली केराची टोपली ओतली डब्यात. तुम्हीच म्हणता नं, जे जे कुजतं ते ते आणा."

सिंधूबाईंनी हिशेब लावला. त्या डब्यापुढं आता भुलाबाई बसली होती, आणि थोड्याच वेळात अध्यक्ष बसणार होते.

इथं शाळेतला एक रिवाज सांगतो. भुलाबाईची गाणी झाली की खाऊचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, हे तर वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. एरवी हा पोरीबाळींचा खेळ. पण या शाळेत ओळखायचा मान बापूसाहेबांचा. आणि बापूसाहेब कधी म्हणजे कधीच चुकले नव्हते. दर साली डबा कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, मुलींची उलटतपासणी घ्यायचे आणि असं काही अचूक नाव सांगायचे की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. गावात बोलवा होती की वकिलांची बुद्धी डब्याच्या पत्र्यातून आरपार जाते. आता खिरापत दर साली त्यांच्याच घरून यायची, ही गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवत नसे.

बाई धावतच दिवाणखान्यात गेल्या. दिवाणखाना म्हणजे शाळेचा मोठा वर्ग, बाकं हलवलेला. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई आणि भुलोजी शेजारी शेजारी बसले होते. पुढं पाटावर डबा.

"पार्वताबाई, तो डबा उचला. लवकर!"

पार्वताबाईंनी जीभ चावली. "देवीपुढचा? गाणे व्हायच्या आंदी? काहून हो बाई, माह्या हाताले कीड पाडून घेऊ काय?"

"अहो, त्यात कचरा आहे!"

"असं नोका बोलू. खिरापतीले कचरा म्हंता? मीच ठेवला नं माह्या हातानं. उजव्या हातानं!"

बाईंनी स्वतःच पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात दारात काठी वाजली. काळा कोट, पांढरं उपरणं, कपाळावर गंध. बापूसाहेब येऊन खुर्चीत बसले, आणि डबा आला थेट त्यांच्या गुडघ्यांपुढं. मोठ्या बाई कामासाठी अकोल्याला गेलेल्या, त्यामुळं कार्यक्रमाची मालकीण सिंधूबाईच. पळून जायचीही सोय नव्हती.

आता उरला एकच मार्ग, वेळ काढायचा. बाईंनी कुंदाला, वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलीला, कानात सांगून बापूसाहेबांच्या घरी पिटाळलं, "शालूच्या आजीला, काकूंना म्हणावं, असतील तेवढ्या करंज्या द्या." आणि मुलींना म्हणाल्या, "म्हणा गाणी. सावकाश म्हणा."

टिपऱ्या वाजू लागल्या. मुलींनी एक गाणं म्हटलं, दुसरं म्हटलं. बाई म्हणाल्या, "आणखी." येत होती तेवढी सगळी झाली. बाई म्हणाल्या, "आता पहिल्यापासून." मुलींचे घसे बसले, एकीची टिपरी मोडली. बापूसाहेबांनी कोटातलं घड्याळ काढून पाहिलं.

"बाई, यंदा भुलाबाई काय मुक्कामाला आली काय? आटपा की! पुढं बैठक आहे."

कुंदा दारात आली. तिनं दोन्ही रिकामे हात वर केले. काकूंनी सगळ्या करंज्या डब्यातच पाठवल्या होत्या.

झालं! गाणी थांबली. बापूसाहेबांनी बाह्या सारल्या, फूल बाजूला ठेवलं आणि डबा उचलून कानाशी नेला. डब्यात काहीतरी खुळखुळलं, खसखसलं. करंज्यांचा आवाज असा नसतो. पण सकाळी तळताना स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कानाची काय गरज? त्यांनी आपले डोळे मिटून घेतले.

"मुलींनो! विचारलं तेवढंच सांगायचं. गोड की तिखट?"

खड्ड्याशी होत्या त्या मुली एकमेकींकडं पाहू लागल्या. एक फिस्सकन हसली.

"हसणं हा पुरावा होत नाही!" बापूसाहेब म्हणाले. "बरं. तळलेलं की भाजलेलं?"

"कुजलेलं!" मागून बारीक आवाज आला. सगळा वर्ग खिदळला.

सिंधूबाई घाईनं पुढं झाल्या. "बापूसाहेब, यंदा ओळखणं कठीण आहे. हरलो म्हणा नं. गमतीनं."

"हरलो? मी?" बापूसाहेबांनी डोळे उघडून त्यांच्याकडं असं पाहिलं की बाई दोन पावलं मागं सरल्या. मग त्यांनी सावकाश सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि हात वर करून सांगितलं, "करंज्या!"

मुली बाईंच्या तोंडाकडं पाहू लागल्या. बरोबर की चूक, हे बाईंनी सांगायचं होतं. बरोबर म्हणावं तर डबा उघडून वाटायला लागणार. घाबरलेलं माणूस बोलतं तसं बाई बोलून गेल्या, "चूक!"

बापूसाहेबांना 'चूक' म्हणणारं माणूस अकोटाच्या कोर्टातसुद्धा सापडलं नसतं.

"चूक? चूक कशी असेल? सकाळी माझ्या समोर तळल्या त्या!"

बोलून गेले आणि जीभ चावली, पण तोवर पोरींच्या ध्यानात आलं होतं. "हां! आजोबांना आधीच माहीत असतं!" एकच गलका उडाला. बापूसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी डबा मांडीवर घेतला. "ठीक आहे. उघडूनच दाखवतो. आणि बाई, हा खोटेपणा मी बैठकीत सांगणार. खड्डा तर जाईलच!"

"नका उघडू!" सिंधूबाईंनी झाकणावर दोन्ही हात ठेवले. "हात जोडते. बुजवा खड्डा, पण आत्ता उघडू नका."

"सोडा!"

झाकण निघालं. अर्धंच निघालं, आणि आत काय आहे ते फक्त दोघांना दिसलं, बापूसाहेबांना आणि वाकलेल्या सिंधूबाईंना.

वरच्या अंगाला पेन्सिलींचा भुसा होता, फाडलेले कागद होते. त्यात वर्तमानपत्राची एक पुडी उसवली होती आणि तिच्यातून अंड्यांची टरफलं बाहेर आली होती. पांढरीशुभ्र. एखाद-दुसऱ्या दिवसाची नव्हेत, चांगली आठवड्याभराची.

चातुर्मास चालू होता. बापूसाहेबांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे. गेल्याच पंधरवड्यात देवळात ते सात्त्विक आहारावर बोलले होते, आणि ऐकायला सगळं गाव होतं.

बापूसाहेबांनी झाकण लावलं. त्यावर तळहात दाबून धरला. कपाळावरचं गंध घामानं पाझरायला लागलं होतं. त्यांनी एकदा बाईंकडं पाहिलं. बाई खाली सतरंजीकडं पाहत होत्या.

"मुलींनो," बापूसाहेब घसा साफ करून म्हणाले, "बाई सांगतात ते खरं आहे. करंज्या नाहीत. मी... मी हरलो."

छत उडून जाईल एवढ्या टाळ्या पडल्या. बापूसाहेब जिंकत आले तेव्हा कधी इतक्या पडल्या नव्हत्या. "हरले! आजोबा हरले!" पोरी नाचू लागल्या. मग कोणीतरी ओरडलं, "पण डब्यात आहे काय?"

शालू टुणकन उठली. "मी सांगते!"

"शालू!" बापूसाहेब असे गरजले की भुलोजीचा फेटा हलला. लगेच आवाज उतरवून म्हणाले, "नियम असा आहे, बाळ, की हरलेल्यानं खाऊ द्यायचा. पार्वताबाई, हे घ्या. हलवायाकडून पेढे आणा. सगळ्या शाळेला. जा, पळा!"

असला नियम भुलाबाईत कधी कोणी ऐकला नव्हता. पण पेढ्यांना हरकत कोण घेणार? पोरींनी पेढे खाल्ले, हात परकरांना पुसले आणि घरी पळाल्या. तेवढा वेळ बापूसाहेब डबा उपरण्याखाली धरून बसून होते. मंडळाचे लोक बैठकीला आले, त्यांनाही त्यांनी पेढा दिला आणि परत पाठवलं.

मग ते स्वतः मागच्या अंगणात गेले. सिंधूबाई गुपचूप मागून गेल्या. बापूसाहेबांनी चारीकडं पाहिलं, डबा खड्ड्यात पालथा केला आणि फावडं उचलून माती ओढू लागले. वकिलाचा हात तो, दोन फावड्यांतच धाप लागली.

"द्या, मी ओढते," बाई म्हणाल्या.

"जाड थर द्या. आणखी. त्या कोपऱ्यात दिसून राहिलं थोडं."

बाईंनी माती ओढली. करंज्याही झाकल्या गेल्या. एवढा चांगला जिन्नस मातीत जाताना बघून त्यांच्या मनाला लागलं. त्या म्हणाल्या, "बापूसाहेब, करंज्यांचं मला फार वाईट वाटतं. काकूंनी एवढ्या कष्टानं..."

"कसल्या करंज्या?" बापूसाहेब म्हणाले. "करंज्या नव्हत्याच. मी हरलो नाही का?" मग थोडं थांबून, भिंतीकडं बघत, "आणि हे बघा, खड्डा राहू द्या. विचार केला मी. खड्डा असणं हे एकंदरीत... सोयीचं असतं."

सिंधूबाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. पदर तोंडाला लावून त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बापूसाहेबांच्या घरच्या काकू डबे न्यायला आल्या. नऊवारी, मोठं कुंकू, शांत चेहरा. करंज्यांचं आता काय सांगायचं, ते बाई मनात जुळवू लागल्या. काकूंनी दोन्ही डबे काखेला मारले पण त्या निघाल्या नाहीत. खड्ड्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"शालूनं सांगितलं सगळं. करंज्या गेल्या तर गेल्या, पुन्हा करता येतात. बैठकीतली टोपली ओतली नं यात?"

"ह-हो."

"पुडीसकट?"

सिंधूबाई खड्ड्यात पाहू लागल्या. काकूंनी हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका, बाई. मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशक्तपणा आहे, रोज एक अंडं खा. हे म्हणाले, प्राण गेला तरी शिवणार नाही. मग मीच तो त्यांचा पक्षकार, नत्थुजी, त्याला सांगितलं, तू आपल्या मनानं आणल्यासारखी आणून दे आणि म्हण, घरात कोणाला कळणार नाही. तेव्हापासून बैठकीचं दार लावून, स्टोव्हवर उकडून खातात. तब्येत बघा कशी सुधारली! त्यांना वाटतं, मला पत्ता नाही. पत्ता आहे म्हणून कळलं की त्याच दिवशी सोडतील, मोठे अभिमानी आहेत. तुम्ही बोलू नका हं कुठं."

"नाही बोलणार, काकू."

"मोलकरणीच्या हाती टोपली द्यायची नाही म्हणून मी पदराखाली पुडी घेऊन पार नाल्यापर्यंत जात होते. एवढी फरफट! आता हे बरं झालं. मीच आणून टाकत जाईन इथं. भिंतीला एक लहानसं दार पाडून घेते, त्यांनाच सांगते पाडायला."

काकू फाटकापर्यंत गेल्या. तिथून मागं वळल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"वकिली एवढी मोठी, बाई, सगळ्या जिल्ह्यात नाव! पण अंड्याला लावायचं मीठ मी त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवून येते, ते संपलं की पुन्हा ठेवते. इतक्या वर्षांत एकदासुद्धा त्यांच्या मनात आलं नाही हो, की हे मीठ येतं कुठून!"